मुळापेक्षा सरस: कात्रजच्या लॅनवरचं एक दशक

२००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत सातारा रस्त्याने येणाऱ्या एसटीतून कात्रजला उतरणाऱ्यांत एक नवी गर्दी मिसळली. कराड, सांगली, इस्लामपूर, कोल्हापूरकडची बारावी झालेली मुलं, पाठीवर सॅक, हातात घरून दिलेला डबा आणि दिवाळीनंतरच्या फेरीत कुणाकुणाकडे सुतळीने बांधलेल्या खोक्यात कॉम्प्युटर. धनकवडीत १९८३ साली सुरू झालेली दोन अभियांत्रिकी महाविद्यालयं होती, भारती विद्यापीठाचं आणि पीआयसीटी. पलीकडे आंबेगाव-वडगावच्या अंगाला सिंहगडच्या संस्था वाढत होत्या. वसतिगृहात जागा न मिळालेली मुलं कात्रज, आंबेगाव, धनकवडीच्या गल्ल्यांत तिघं-चौघं मिळून खोली घ्यायची. २००६ च्या अखेरीस स्वारगेट ते कात्रज हा देशातला पहिला बीआरटी मार्ग सुरू झाला, त्या सुमारास तर हा सगळा पट्टा विद्यार्थ्यांचाच झाला होता.

या खोल्यांनी पुण्याच्या संगणक-संस्कृतीला जे दिलं त्याची नोंद कुठल्या स्मरणिकेत सापडत नाही. अभ्यासासाठी आलेले कॉम्प्युटर रात्री खेळण्यासाठी एकमेकांना जोडले जायचे. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून केबलचं भेंडोळं, कनेक्टर आणि आठ पोर्टचा स्विच यायचा. केबलला कनेक्टर बसवणारी क्रिम्पिंगची पक्कड संपूर्ण इमारतीत एकाकडेच असायची आणि त्याला त्यामुळे मान असायचा. केबल खिडकीच्या गजांतून, बाल्कनीवरून, जिन्याच्या कठड्याला गुंडाळत वरच्या मजल्यावर जायची. इंटरनेटचा या खेळांना उपयोग नव्हता. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, तेव्हाचा वेग २५६ केबीपीएस होता आणि स्वस्त प्लॅनना महिन्याची मर्यादा होती. केबलने जोडलेल्या या लॅनला मात्र मर्यादा नव्हती.

त्या लॅनवर काय खेळलं जात होतं याची यादी आज मांडली की एक गोष्ट ठळक दिसते. एज ऑफ एम्पायर्स टू, पण ‘द कॉन्करर्स’सह. वॉरक्राफ्ट थ्री, पण ‘द फ्रोझन थ्रोन’सह, आणि त्यातही फक्त डोटा नावाचा नकाशा. काउंटर-स्ट्राइक, जो मुळात हाफ-लाइफ नावाच्या दुसऱ्याच खेळावर चाहत्यांनी चढवलेला होता. म्हणजे मूळ खेळ कुणीच खेळत नव्हतं. एका पिढीने आपली सगळी रात्रपाळी पुरवण्यांवर काढली. जिला खेळाडू एक्सपान्शन म्हणतात, त्या मागाहून आलेल्या पुरवणीने मूळ खेळाला मागे टाकल्याचं इतकं जिवंत उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही.

एज ऑफ एम्पायर्स टू हा खेळ अमेरिकेतल्या डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजने बनवला आणि मायक्रोसॉफ्टने ३० सप्टेंबर १९९९ ला बाजारात आणला. तेरा संस्कृती, चार युगं, लाकूड-अन्न-सोनं-दगड गोळा करून गाव उभारायचं आणि शेजाऱ्याचं पाडायचं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००० मध्ये, ‘द कॉन्करर्स’ आला. अॅझ्टेक, माया, हूण, स्पॅनिश आणि कोरियन या पाच संस्कृती वाढल्या. कोरियन शेवटच्या टप्प्यात, तिथला बाजार डोळ्यांपुढे ठेवून घेतले गेले. प्रत्येक संस्कृतीला किल्ल्यात स्वतःची खास विद्या मिळाली. कात्रजच्या खोल्यांत हूणांसाठी भांडणं व्हायची, कारण हूणांना घरं बांधावी लागत नाहीत. बाकीचे घरांसाठी लाकूड तोडत बसतात तोवर हूणांचे घोडेस्वार दारात उभे.

पण या पुरवणीचं खरं मोठेपण नव्या संस्कृतींपेक्षा शेतीत होतं. मूळ खेळात शेत साठ लाकडांना तयार व्हायचं. त्यातलं अन्न संपलं की पीक नाहीसं होऊन मातीचा तुकडा उरायचा आणि शेतकरी हात बांधून उभा राहायचा. पुन्हा पेरायचं तर त्या माणसावर टिचकी, बांधकामाच्या चित्रावर टिचकी, मग त्या तुकड्यावर टिचकी. पुढच्या काळात तीस-चाळीस शेतं असताना खेळाडूची अर्धी लढाई शेतांशीच चालायची. कॉन्करर्सने गिरणीत सोय केली. लाकूड आगाऊ भरून ठेवायचं, शेत संपलं की शेतकरी आपणच पेरणी करतो. बदल एवढासा, पण त्याने खेळाचा स्वभावच पालटला. माणसाचं लक्ष शेतावरून उठून सैन्याकडे गेलं. लाकडाची वखार बांधून झाली की तो गावकरी स्वतःहून झाड तोडायला लागला. पायदळ मेंढ्यात, म्हणजे दार फोडायच्या ओंडक्यात, बसून तटापर्यंत जाऊ लागलं. ही सगळी कामं अशी की ज्यांनी वर्षभर तो खेळ रोज खेळला आहे त्यांनाच ती सुचावीत.

पुरवणी वरचढ का ठरते याचं उत्तर इथेच आहे. नाटकाचा पहिला प्रयोग आणि पंचविसावा प्रयोग यांत जो फरक असतो तोच इथे असतो. तालमीत कितीही घासलं तरी प्रेक्षक कुठे चुळबुळतो ते पडदा उघडल्याशिवाय कळत नाही. मूळ खेळ बनवताना निम्मी वर्षं पायाभूत कामात जातात: चित्र पडद्यावर कसं उमटेल, सैनिक वाट कशी शोधेल, आठ कॉम्प्युटर एकमेकांशी कसे बोलतील. पुरवणी करणाऱ्यांच्या हाती हे सगळं तयार असतं. त्यांची सगळी बुद्धी एकाच प्रश्नावर लागते: हा खेळ खेळताना माणसाला काय आवडलं आणि काय नडलं?

म्हणून मूळ खेळाचं ऋण विसरता कामा नये. एज ऑफ एम्पायर्सच्या तंत्रज्ञांनी एक अवघड गणित सोडवलं होतं. आठ खेळाडूंचे शेकडो सैनिक कुठे आहेत हे सतत एकमेकांना कळवायचं म्हटलं तर त्या काळच्या मोडेमची ताकद पुरत नव्हती. त्यांनी सैनिकांच्या जागा पाठवल्याच नाहीत. प्रत्येक यंत्रावर तीच लढाई तंतोतंत तशीच चालू ठेवली आणि फक्त हुकूम पाठवले. पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी २००१ मध्ये या पद्धतीवर लिहिलेला लेख अभियंत्यांत आजही वाचला जातो. २८.८ केबीपीएसच्या मोडेमसाठी आखलेली ही रचना कात्रजच्या स्वस्त स्विचवर लीलया चालली. तिची एक अट मात्र होती. सगळ्या यंत्रांनी पावलाला पाऊल लावून चालायचं, म्हणजे सगळ्यांत हळू यंत्राचा वेग तो सगळ्यांचा वेग. चाळीस मिनिटांनी सैन्यं वाढली की खेळ अडखळायचा आणि तीन मजल्यांवरून एकच आरोळी उठायची, “लॅग कोण करतंय रे?” उत्तर सगळ्यांना ठाऊक असायचं. तळमजल्यावरच्या एकाकडे १२८ एमबी रॅम होती. मग वर्गणी निघायची आणि शनिवारी पुन्हा तापकीर गल्ली. दुसऱ्याचं यंत्र सुधारल्याशिवाय आपला खेळ सुधारत नाही, हे त्या मुलांना कुणी शिकवावं लागलं नाही.

तिकडे दक्षिण कोरियात पुरवणीने मुळाला मागे टाकण्याची हीच गोष्ट राष्ट्रीय पातळीवर घडत होती. ब्लिझर्डचा स्टारक्राफ्ट मार्च १९९८ मध्ये आला आणि त्याची पुरवणी ‘ब्रूड वॉर’ त्याच वर्षाच्या अखेरीस. तीन जमातींपैकी प्रत्येकीच्या हाती ब्रूड वॉरने नवी शस्त्रं दिली: टेरनना जखमी सैनिक बरे करणारी मेडिक, झर्गना जमिनीत दडून वार करणारा लर्कर, प्रोटॉसना अदृश्य डार्क टेम्प्लर. एकीचं पारडं जड झालं की दुसरीकडे उतारा सापडायचा. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर कोरियात ‘पीसी बँग’ म्हणजे तासावर कॉम्प्युटर देणारी केंद्रं गल्लोगल्ली उघडली होती. त्यांत ब्रूड वॉर रुजला, त्याच्या व्यावसायिक लीग झाल्या, केबल वाहिन्यांवर सामने दिसू लागले. मूळ स्टारक्राफ्टच्या स्पर्धा आज कुणाला आठवत नाहीत. जगाला ई-स्पोर्ट्स म्हणून जे ठाऊक झालं त्याचा पाया एका पुरवणीने घातला.

ब्लिझर्डनेच जुलै २००२ मध्ये वॉरक्राफ्ट थ्री आणला आणि बरोबर वर्षभराने, १ जुलै २००३ ला, ‘द फ्रोझन थ्रोन’. या खेळांसोबत वर्ल्ड एडिटर नावाचं साधन होतं. ज्याला हवं त्याने स्वतःचा नकाशा, स्वतःचे नियम, स्वतःची पात्रं रचावीत. यूल हे टोपणनाव घेतलेल्या एका चाहत्याने मूळ वॉरक्राफ्ट थ्रीसाठी ‘डिफेन्स ऑफ द एन्शंट्स’ म्हणजेच ‘डोटा’ नावाचा नकाशा केला. दोन बाजू, तीन वाटा, प्रत्येक खेळाडूकडे अख्ख्या सैन्याऐवजी एकच वीर. फ्रोझन थ्रोन आल्यावर इतरांनी त्यातले उत्तमोत्तम वीर एकत्र करून ‘डोटा ऑलस्टार्स’ बनवला. तो आधी ग्विन्सू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्टीव्ह फीककडे, मग नायकसकडे आणि २००५ मध्ये आइसफ्रॉगकडे आला. म्हणजे मूळ खेळ, त्यावर कंपनीची पुरवणी, आणि त्या पुरवणीवर चाहत्यांची पुरवणी, अशी तीन मजली इमारत उभी राहिली आणि लोक राहायला गेले ते तिसऱ्या मजल्यावर.

कात्रजच्या मुलांना ही वंशावळ फाइलच्या नावातून कळायची. मूळ वॉरक्राफ्टचे नकाशे डब्ल्यू-थ्री-एम या शेपटीचे, फ्रोझन थ्रोनचे डब्ल्यू-थ्री-एक्स. डोटाची फाइल कायम एक्सवाली. ती काही एमबीची असल्याने पेन ड्राइव्हवर फिरायची. आइसफ्रॉग ठरावीक काळाने नवी आवृत्ती काढायचा. ती ज्याने कॉलेजच्या लॅबमधून उतरवून आणली तो त्या संध्याकाळचा राजा. ज्याच्याकडे नकाशा नसेल त्याला तो होस्टच्या, म्हणजे सामना मांडणाऱ्याच्या, यंत्राकडून थेंबाथेंबाने मिळायचा, तोवर बाकीचे नऊ जण ताटकळत. “होस्ट कोण करतंय?” या प्रश्नाला वजन होतं. कारण वॉरक्राफ्टमध्ये होस्टचं यंत्र बंद पडलं की सगळ्यांचा सामना संपायचा. म्हणून होस्ट त्याच खोलीत व्हायचा जिथे यूपीएस होता. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची, त्यामुळे गुरुवारचे सामने अंधार पडल्यावरच ठरायचे.

काउंटर-स्ट्राइकचा जन्म याच जातीचा. व्हॉल्व्हचा हाफ-लाइफ नोव्हेंबर १९९८ चा. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी त्याच्या सांगाड्यावर दहशतवादी विरुद्ध पोलीस असा सांघिक खेळ रचून जून १९९९ मध्ये पहिली चाचणी आवृत्ती काढली. व्हॉल्व्हने दोघांनाही सोबत घेतलं आणि २००० च्या नोव्हेंबरमध्ये तो स्वतंत्र पेटीत विकायला आला. १.६ ही आवृत्ती २००३ ची. पुण्यातल्या सायबर कॅफेंत तासाच्या भाड्यावर जी पोरं डस्ट टू नकाशातल्या लांब वाटेवर टपून बसायची, त्यांतल्या बहुतेकांनी हाफ-लाइफचा नायक गॉर्डन फ्रीमन कधी पाहिलाच नाही. तरी आयकॉनच्या आत दडलेल्या फाइलचं नाव शेवटपर्यंत एचएलच राहिलं, हाफ-लाइफचं.

इथे एक कडू बाब स्पष्ट मांडायला हवी. या खोल्यांतल्या जवळपास सगळ्या सीडी नकली होत्या. पंचवीस-तीस रुपयांच्या त्या चकतीतून डॅलस किंवा कॅलिफोर्नियातल्या कलावंताला एक पैसा मिळाला नाही. हजार-दीड हजारांचा खेळ महिन्याच्या मेसच्या बिलाएवढा होता, हे कारण खरं, पण त्याने देणं फिटत नाही. नोकरीला लागल्यावर त्यांतल्या अनेकांनी तेच खेळ रीतसर विकत घेतले. मीही घेतले. वीस वर्षांपूर्वीची उधारी म्हणूनच घेतले.

हे दशक संपलं ते हळूहळू. टेबलावरचे कॉम्प्युटर जाऊन लॅपटॉप आले, मग वाय-फाय आलं आणि खिडकीतल्या केबली निघाल्या. जुलै २०१३ मध्ये डोटा टू हा व्हॉल्व्हचा स्वतंत्र खेळ झाला, त्याला लॅनपेक्षा इंटरनेट लागायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि दोनच वर्षांत पब्जी प्रत्येकाच्या खिशात गेला. खोलीतल्या खोलीत चौघं बसलेले, पण प्रत्येक जण वेगळ्या शहरातल्या माणसाशी खेळतोय, असं चित्र झालं.

पुरवण्यांची परंपरा मात्र थांबली नाही, आणि आपल्यासाठी तिचा सर्वांत जिव्हाळ्याचा अध्याय इथूनच सुरू होतो. एज ऑफ एम्पायर्स टूच्या मूळ तेरांत भारत नव्हता. कॉन्करर्सनंतरच्या अठरांतही नव्हता. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये एन्सेम्बल बंद केला तेव्हा तो कधी येईल अशी आशाही उरली नाही. तो आणला चाहत्यांनी. ‘फर्गॉटन एम्पायर्स’ नावाने काही हौशी मंडळींनी डिसेंबर २०१२ मध्ये विनामूल्य पुरवणी काढली, तिच्यात इन्का, इटालियन, मग्यार, स्लाव्ह आणि भारतीय होते. हत्तीवरून बाण मारणारे भारतीय! मायक्रोसॉफ्टने तेच काम अधिकृत केलं आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ते ‘द फर्गॉटन’ म्हणून आलं. हीच मंडळी पुढे कंपनी झाली आणि २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनच्या निर्मितीत सहभागी झाली. २८ एप्रिल २०२२ ला ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ आलं आणि एका ‘भारतीय’ शिक्क्याचे हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली असे चार झाले. चोळ राजेंद्र, पाल घराण्याचा देवपाल, बाबर यांच्या मोहिमा आल्या. मूळ खेळाच्या तेवीस वर्षांनंतर!

आज मोठ्या कंपन्यांनाही पुरवणीचं मोल पटलं आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडच्या ‘विचर थ्री’ची ‘ब्लड अँड वाइन’ ही पुरवणी २०१६ च्या गेम अवॉर्ड्समध्ये पूर्ण खेळांना मागे टाकून सर्वोत्तम रोल-प्लेइंग खेळ ठरली. त्यांचाच ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये इतका अर्धाकच्चा आला की सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. २०२३ च्या ‘फँटम लिबर्टी’ने त्याची पत परत मिळवून दिली. २०२४ मध्ये ‘एल्डन रिंग’च्या ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचं नामांकन मिळालं. पण याच काळात दुसरी रीतही बोकाळली. खेळातला एखादा भाग आधीच कापून ठेवायचा आणि तोच महिन्याभराने पुरवणी म्हणून विकायचा. तिला पुरवणी म्हणू नये. खेळाडूंनी काय केलं हे पाहून मग जी लिहिली जाते, तीच पुरवणी मुळाला मागे टाकू शकते.

ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा टू संघाने कांस्यपदक मिळवलं, आणि त्याच डिसेंबरात केंद्र सरकारने बहुक्रीडा स्पर्धांमधला एक प्रकार म्हणून ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. एका चाहत्याने घरबसल्या रचलेल्या नकाशाची वाट तिरंग्यापर्यंत गेली. पुणेही आता नुसतं खेळणारं शहर राहिलेलं नाही. २००८ मध्ये युबीसॉफ्टने इथला स्टुडिओ घेतला, नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ जगभर नेला, सुपरगेमिंगने ‘इंडस’ काढला. कात्रजच्या त्या वर्षांचा यांच्यासाठी एक धडा आहे. ज्या खेळांसोबत दुरुस्तीची हत्यारं लोकांच्या हाती दिली गेली, तेच टिकले. ज्यांना कुलूप लावलं गेलं, ते मागे पडले. पुण्याच्या स्टुडिओंनी आपल्या खेळासोबत नकाशे रचायचं साधन जरूर द्यावं. त्यातून काय निघेल याचा अंदाज ब्लिझर्डलाही आला नव्हता.

खेळणाऱ्यांसाठीही एक काम शिल्लक आहे. डायनेस्टीज ऑफ इंडियात देवगिरीचे यादव नाहीत. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने ज्या देवगिरीवर चाल केली, जिचा किल्ला आजही अभेद्य रचनेसाठी नावाजला जातो, तिथली राजवट या खेळाच्या कालखंडात चपखल बसते. खेळ बदलायची साधनं आज सगळ्यांना उपलब्ध आहेत, आणि भारत या खेळात आला तोही अशाच हौशी हातांनी. धनकवडी-कात्रजच्या खोल्यांतून आज राहणाऱ्या कुणी हे मनावर घेतलं, तर यादवांची ती पुरवणी मराठी माणसाच्या हातून होईल, आणि व्हायला हवी.